फॉर्च्युनरची चाकं डी-मॅक्सला: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

माझ्या इसुझू डी-मॅक्स पिकअपचे टायर पार गोटा झालेत, आता बदलायलाच हवेत. सध्या २५५/६५ आर १७ आहेत (२५५ मि.मी. रुंद, १७ इंची रिमसाठी). मला जे ऑल-टेरेन (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांचे) टायर पाहिजेत ते २६५/६५ आर १७ मध्ये सहज मिळतात. दहा मिलिमीटरचाच फरक, म्हणून आधी वाटलं जुन्याच अलॉय रिमवर चढवून टाकू. पण टायरचा तक्ता काढून बघितला तर २६५/६५ ला रिमची रुंदी साडेसात ते साडेनऊ इंच लागते, आणि माझ्या रिमवर मागच्या बाजूला स्पष्ट कोरलंय १७ x ७ जे. म्हणजे अर्धा इंच कमी. बरेच जण बसवतात आणि चालवतात हे मला माहितीये, पण अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे दोन्ही गालफडं आत ओढली जातात, मधला भाग फुगतो आणि झिजतो पण मधेच. आणि मागे हौद्यात माल भरून वळणावर गेलं की टायर रिमवर डुलतो. पिकअपला हे मला नको.

मग ठरलं, टायरसाठी चाकंच बदलायची. साडेसात इंची, कंपनीची, दुसऱ्या गाडीवरून उतरवलेली. बाजारातले दिखाऊ रिम नकोत. कंपनीचं चाक एका ठरावीक गाडीच्या ठरावीक वजनासाठी बनवलेलं असतं आणि ते वजन किती ते शोधून काढता येतं, हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

आज फक्त मापं घेतली. सहा स्टड (चाक धरणारे बोल्ट) आहेत, त्यामुळे पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मोजणं सोपं. समोरासमोरचे दोन स्टड घ्यायचे, एकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत व्हर्नियर लावायचा, झालं. १३९.७ आलं, म्हणजे साडेपाच इंच. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा १०० मि.मी. आणि वर थोडंसं. स्टडचे आटे १२ x १.५ (जाडी १२ मि.मी., दर फेऱ्याला दीड मि.मी.). जुन्या रिमवर ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मि.मी. बाहेरच्या बाजूला आहे ते) ३३ कोरलाय. नट निमुळते, शंकूसारख्या बसकणीचे (बसकण म्हणजे नट रिमवर टेकतो ती जागा). ही सगळी मापं वहीत पहिल्या पानावर लिहिली, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

५ नोव्हेंबर

कुठली चाकं चालतील यावर आजची पूर्ण संध्याकाळ गेली. सहा भोकं दिसली की लोक म्हणतात बसेल, पण तसं नाहीये. निस्सान नवाराला सहाच भोकं असतात पण ती ११४.३ वर, ते लगेच कळतं. घोळ होतो फोर्ड एफ-१५० च्या चाकाशी, कारण २००४ पासूनच्या एफ-१५० ला ६ x १३५ आहे आणि नुसत्या डोळ्याला १३५ आणि १३९.७ मधला फरक समजत नाही. त्रिज्येत सव्वादोन-अडीच मिलिमीटर होतात, जोर लावून नट चढवणारे पण असतात, स्टड वाकून बसतो आणि मग कधीतरी रस्त्यात तुटतो. मित्सुबिशी पजेरोची चाकं १३९.७ चीच, पण मधलं भोक ६७.१, माझ्या १०० च्या हबवर ते जाणारच नाही. शेवरलेट सिल्वराडोचं ७८.१, ते पण तसंच बाद. फोर्ड रेंजरचं ९३.१, जवळ आलं तरी बादच.

टोयोटाचं १०६.१. हायलक्स, फॉर्च्युनर, दोन्हींचं. म्हणजे माझ्या हबवर चाक जातं आणि सगळीकडून तीन-तीन मिलिमीटर मोकळं राहतं. मोकळं भोक हब आणि चाकाच्या मध्ये रिंग बसवून भरून काढता येतं, लहान भोक मोठं करणं हा लेथवरचा वेगळाच उद्योग आणि त्यात चाकाची ताकद जाते, ते मी करणार नाही.

फॉर्च्युनरचं चाक १७ x ७.५, ऑफसेट ३०. आता हिशेब. रुंदी अर्धा इंच वाढली म्हणजे १२.७, दोन्ही बाजूंना ६.३५. ऑफसेट ३ ने कमी म्हणजे अख्खं चाक ३ मि.मी. बाहेर. तर आतल्या बाजूला ३.३५ ने जवळ येणार आणि बाहेरच्या बाजूला ९.३५ ने बाहेर जाणार. आत सव्वातीन मिलिमीटर, एवढी जागा सस्पेन्शनच्या आर्मपाशी आहे, बोट घालून बघितलं. बाहेर फेंडरच्या आतच राहतं. कागदावर तरी जमतंय.

९ नोव्हेंबर

चाकं आली, चार. पाचवं नव्हतं विकणाऱ्याकडे, आणि ते पुढे नडणार हे आत्ताच दिसतंय.

आधीच्या मालकाने चारही चाकं काळ्या पावडर कोटिंगची केलीत. लांबून छान दिसतात. पण कोटिंग करताना झाकायचं काहीच झाकलेलं नाही, नट बसतात त्या जागेवर रंग, हबला टेकतो त्या मागच्या सपाट भागावर पण जाडच्या जाड रंग. हे काढावं लागणार. रंगावर आवळलेला नट काही दिवसांनी ढिला होतो, कारण रंग दाबला जातो, पातळ होतो, आणि नटाने धरून ठेवलेला ताण तेवढा कमी होतो. स्टड आवळल्यावर रबरासारखा अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक धरलेलं असतं, चाक काही स्टडवर टांगलेलं नसतं. एवढ्या जाडीच्या स्टडवरचा नीट आवळलेला एक नट चाकाला चार टनांच्या आसपास हबवर दाबून धरतो, असे सहा. त्या दाबामुळे जे घर्षण होतं ते गाडीचं वजन पेलतं. हे एकदा समजलं की मग रंगाचा पातळ थर पण का नको ते आपोआप कळतं.

प्रत्येक चाक जमिनीवर उभं करून गोल फिरवून बघितलं, वाकलेलं एकही नाही. आतल्या कडेला, टायर बसतो तिथे, दिव्याखाली नखाने चाचपत गेलो, भेग कुठे लागत नाही. पट्टी आडवी टाकून मागची खोली मोजली, टेकायच्या भागापर्यंत १३८. कडांसकट पूर्ण रुंदी २१५, अर्धी १०७.५. फरक ३०.५. कोरलेला ३० बरोबर आहे.

११ नोव्हेंबर

नट. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते नटाबद्दल, कारण इथे आटे जुळतात आणि तिथेच माणूस फसतो.

माझ्या गाडीचे नट १२ x १.५, टोयोटाचे पण १२ x १.५. जुना नट नव्या चाकातून स्टडवर छान फिरतो, आवळला की घट्ट पण होतो. कोणाला काही चुकलंय असं वाटणारच नाही. पण या टोयोटा अलॉयची बसकण सपाट आहे. त्याचा नट वेगळा असतो, खाली सरळ नळीसारखा भाग म्हणजे शँक, तो भोकात आत जातो, आणि वर एक फिरती चकती, ती सपाट जागेवर टेकते. माझा निमुळता नट त्या सपाट बसकणीत घातला तर शंकू फक्त भोकाच्या धारेवर टेकतो. मी मुद्दाम एका भोकाला काळं मार्कर लावून हलकाच आवळून बघितला. काढल्यावर नटावर केसाएवढ्या जाडीची एकच काळी रेघ, गोल. बास, तेवढ्याच रेघेवर चार टन येणार. अल्युमिनियम मऊ आहे, ती धार चेपणार, नट ढिला होणार, चाक निघणार. त्याच मार्करने सपाट चकतीचा नट लावून बघितला तर बोटभर रुंदीची पूर्ण चकती काळी झाली.

म्हणून चाकासोबत टोयोटाचेच सपाट चकतीचे नट घेतलेत, चोवीस. एकेक हातात घेऊन चकती फिरवून बघितली. तीन नटांच्या चकत्या गंजून जाम झाल्या होत्या. चकती फिरत नसेल तर आवळताना ती नटासोबत घासत फिरते, अल्युमिनियम खरवडते, आणि टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) खोटाच आकडा दाखवतो. ते तीन बाजूला काढले, नवीन आणले.

अजून एक मोजायचं असतं ते म्हणजे शँकची लांबी. शँक भोकाच्या खोलीपेक्षा आखूडच पाहिजे, नाहीतर तो हबलाच जाऊन टेकतो, नट घट्ट लागतो आणि चाक मात्र सैल राहतं. माझ्याकडे चार मिलिमीटर आखूड आहे. आणि आटे किती धरतात ते हाताने फिरवून मोजले. नियम साधा आहे, स्टडच्या जाडीएवढे तरी आटे धरले पाहिजेत. १२ च्या स्टडला दीडच्या आट्याने आठ पूर्ण फेरे. माझे अकरा भरले.

१६ नोव्हेंबर

आज ट्रायल, टायर न चढवता नुसतं रिम लावून. आधी हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत केला, जुन्या चाकाखाली गंजाचे पापुद्रे जमलेले असतात, एक कण राहिला तरी चाक तिरकं बसतं.

ब्रेकच्या कॅलिपरवर लहान मुलांचा खेळायचा क्ले बोटाएवढा जाड थापला आणि रिम लावून हाताने सावकाश एक फेरा दिला. काढून क्ले ब्लेडने कापला आणि सगळ्यात पातळ जागा मोजली. सात मिलिमीटर. तीनच्या खाली असतं तर मी थांबलो असतो, कारण ब्रेक तापले आणि बेअरिंगला थोडी खेळ आली की तीन मिलिमीटर कुठच्या कुठे जातात. मधल्या कॅपच्या आत पण क्ले लावला, हबचं टोपण तिथे लागतं का बघायला. लागत नाही.

आता खरी गोष्ट. सपाट नट चाकाला मध्यावर आणत नाही. निमुळता नट शंकूमुळे चाक स्वतःच ओढून मध्यावर आणतो, म्हणून त्या चाकांना मधलं भोक थोडं मोकळं असलं तरी भागतं. सपाट नट फक्त दाबतो. टोयोटाच्या स्वतःच्या गाडीवर ते काम हबचा उंचवटा करतो, १०६ चा हब आणि १०६.१ चं भोक. माझ्या हबवर तीन मिलिमीटर हवा आहे. मग चाक मध्यावर कोण आणणार?

मित्राकडून डायल गेज (किंचित हललेलं पण सुईने मोजणारं यंत्र) आणला. चुंबकाचा स्टँड अलॉयला चिकटत नाही, म्हणून जॅक स्टँडवर लोखंडी पट्टी टाकून तिच्यावर बसवला, सुई रिमच्या आतल्या कडेवर. रिंग न लावता, सहाही नट पद्धतशीर समोरासमोर आवळून फिरवलं. सुई ०.९ मि.मी. हलली. नट सोडून, रिम हलवून परत तसंच आवळलं, ०.५. तिसऱ्यांदा १.१ आणि उंच जागा भलतीकडेच. तेच चाक, तोच हब, तेच नट, तोच माणूस आवळणारा, आणि तीन वेळा तीन उत्तरं. शँक आणि भोकाच्या मध्ये जी किंचित मोकळीक आहे तिच्यात चाक दर वेळी कुठेतरी वेगळीकडे बसतंय. अशा चाकाचं बॅलन्सिंग कितीही चांगलं केलं तरी उपयोग नाही, मशीनवर ते बरोबर मध्यावर धरलेलं असतं आणि गाडीवर नसतं. लोक म्हणतात बॅलन्सिंग तीनदा केलं तरी ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं मला वाटतं हेच असणार.

म्हणजे रिंग हवीच. शोभेची नाही, पाहिजेच.

१७ नोव्हेंबर

लेथवाल्या काकांकडे जाऊन आलो. रिम आणि मापं दोन्ही घेऊन गेलो होतो. बाहेरून १०६, आतून १००, अल्युमिनियम. प्लास्टिकच्या तयार रिंगा पण मिळतात आणि त्यांच्यावर वजन येत नाही त्यामुळे त्या वाईट नाहीत, पण ही पिकअप घाटात माल घेऊन उतरते तेव्हा ब्रेकची उष्णता हबपर्यंत येते, मला तिथे प्लास्टिक नको वाटलं. काकांनी विचारलं, "जाडी किती ठेवू, उंचवट्याएवढी?" उंचवटा मोजायचाच राहिला होता, परत घरी येऊन मोजला. शिवाय रिमच्या भोकाला आतून तिरकी धार मारलेली आहे, तेवढा भाग रिंग धरत नाही. तो सोडून रिंग खरोखर धरेल इतकी जाडी सांगितली.

२२ नोव्हेंबर

रिंगा आल्या आणि बसल्या नाहीत. चूक माझी, मी आतून शंभर सांगितलं आणि काकांनी अगदी शंभर दिलं, हब मात्र शंभरच्या किंचित वर. हातोडीने ठोकून बसली असती पण मग पंक्चरच्या वेळी रस्त्यात निघणार नाही. परत नेऊन आतून शंभर दशांश दोन करून आणली. आता अंगठ्याने दाबली की सरकत जाते, हातात खेळ जाणवत नाही. हेच पाहिजे होतं.

परत डायल गेज लावला. ०.२. सोडून परत आवळलं, ०.२. तिसऱ्यांदा पण ०.२, आणि उंच जागा दर वेळी रिमच्या त्याच ठिकाणी. म्हणजे जे काही दोन दशांश आहे ते रिमचं स्वतःचं आहे, बसवण्याचं नाही. हा आकडा बघून जे समाधान वाटलं ते टायर चढवल्यावर पण नाही वाटलं.

रिंगेला आतून कॉपर ग्रीसचं एकदम पातळ बोट फिरवलं, कारण लोखंडाच्या हबवर अल्युमिनियम पाण्यात राहिलं की चिकटून बसतं. फक्त रिंगेला. टेकायच्या सपाट भागाला नाही, आणि आट्यांना तर अजिबात नाही. आट्यांना तेल-ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि रेंच तोच आकडा दाखवत असताना स्टड खूपच जास्त ताणला जातो.

२३ नोव्हेंबर

दिवसभर रंग खरवडला. चोवीस बसकणी आणि चार सपाट चेहरे. रंग काढायचं केमिकल ब्रशने लावायचं, थांबायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. ग्राइंडर लावायचा मोह होतो पण लावू नये, बसकण एकदा तिरकी झाली की चाक गेलं. संध्याकाळी उजेड कमी झाला तेव्हा चौथं चाक चालू होतं.

२९ नोव्हेंबर

टायर चढले, बॅलन्सिंग झालं. जास्तीत जास्त वजन एका चाकाला ४५ ग्रॅम लागलं, बाकीच्यांना त्याच्या आत. वजनकाट्यावर ठेवून बघितलं, जुनं चाक टायरसकट २६.४ किलो, नवीन २९.१. एका चाकामागे पावणेतीन किलो.

गाडीवर बसवताना क्रम असा ठेवला: रिंग हबवर, चाक, सहाही नट हाताने फिरतील तेवढे, मग साध्या पान्याने समोरासमोर, मग गाडी खाली उतरवून टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंच. दोन टप्प्यांत, आधी अर्धा आकडा मग पूर्ण. न्यूमॅटिक गन एकदाही लावली नाही. टॉर्कचा आकडा इथे लिहीत नाही, तो ज्याने त्याने आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, दुसऱ्याच्या वहीतून नाही.

३० नोव्हेंबर

पहिली फेरी. शंभरपर्यंत नेली, स्टेअरिंग अगदी शांत. जीपीएस लावून बघितलं. आधी मीटर १०० दाखवायचा तेव्हा खरा वेग ९५ असायचा, आता साडेशहाण्णवच्या वर असतो. हिशेबाने पण तेच येतं, जुन्या टायरचा व्यास ७६३ आणि नव्याचा ७७६, म्हणजे १.७ टक्के. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये असं संयुक्त राष्ट्रांच्या ३९ नंबरच्या नियमात आहे, म्हणून कंपन्या मीटर मुळातच थोडा पुढे ठेवतात, आपलं दीड-दोन टक्के त्यात मावतं. याच्यापेक्षा बराच मोठा टायर टाकला असता तर मावलं नसतं.

गाडी वर किती उचलली गेली असं सगळे विचारतात. साडेसहा मिलिमीटर. व्यासाच्या वाढीच्या निम्मं, दुसरं काही होऊच शकत नाही.

घासतंय मात्र. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे तोडून रिव्हर्स घेतलं की डाव्या चाकाकडून खर्र आवाज. खाली वाकून बघितलं तर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकचा मागचा खालचा कोपरा, चमकत होता तिथे. सरळ चालताना भरपूर जागा आहे, पण चाक वळलं की बाहेर गेलेले ते नऊ मिलिमीटर मागच्या बाजूला येतात. हीट गनने प्लास्टिक मऊ करून आत दाबलं, थंड होईपर्यंत लाकडी ठोकळा धरून बसलो, मडफ्लॅपचा एक स्क्रू बोटभर मागे घेतला. मग एक चाक जॅकने उचलून स्प्रिंग दाबल्या अवस्थेत परत दोन्हीकडे तोडून बघितलं. गेला आवाज.

२ डिसेंबर

शंभर किलोमीटर झाले म्हणून सगळे नट परत टॉर्क रेंचने तपासले. तीन चाकांवर रेंच जागेवरच क्लिक. चौथ्यावर, मागच्या डाव्या, दोन नट फिरले. एक पाव फेरा, दुसरा त्याहून थोडा कमी.

लगेच चाक काढलं. त्या दोन बसकणींच्या कडेला अर्ध्या चंद्रासारखा काळा पट्टा, पावडर कोटिंग, चकतीखाली दाबून चपटा झालेला आणि कडेने पापुद्रा बाहेर आलेला. हे तेच चौथं चाक जे मी त्या दिवशी कमी उजेडात संपवलं होतं. दिवसा उन्हात परत चोवीसच्या चोवीस बसकणी बघितल्या, बाकी स्वच्छ होत्या. ते दोन पट्टे काढले, बसकण सपाट आहे याची पट्टी टाकून खात्री केली, चाक बसवलं. परत शंभर किलोमीटरने बघायचं.

चाकं काढून बसवली की काही किलोमीटरनंतर परत आवळा असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण ते करत नाहीत. या दोन नटांना अजून हजार किलोमीटर आणि हौद्यात माल मिळाला असता तर काय झालं असतं याचा विचार करून अंगावर काटा आला. करा हो सगळ्यांनी, पाच मिनिटं लागतात.

७ डिसेंबर

वजनाचा प्रश्न राहिला होता आणि तो मला पहिल्या दिवसापासून खात होता. टायरचं सोपं आहे. जुन्यावर लोड इंडेक्स ११० म्हणजे १०६० किलो, नव्यावर ११२ म्हणजे ११२०. तिथे आपण पुढेच आहोत. पण चाक? फॉर्च्युनर माणसं नेणारी गाडी, माझी माल नेणारी. या रिमवर वजनाची मर्यादा कोरलेली नाही. आणि हायलक्सला पण याच मापाची चाकं येतात म्हणून ही पण तेवढंच पेलतील असं धरून चालता येत नाही, माप सारखं म्हणजे ओतीव काम सारखं असं काही नसतं.

मग असं ठरवलं. मित्राच्या फॉर्च्युनरवरची प्लेट बघितली, मागच्या ॲक्सलची मर्यादा वहीत लिहिली. त्या गाडीवर ही चाकं तेवढं नक्की पेलतात, कारण कंपनीनेच त्यासाठी दिलीत. माझ्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा त्याहून जास्त आहे. तर इथून पुढे माझ्या गाडीची मर्यादा फॉर्च्युनरची, जो लहान आकडा तो. आज हौद्यात नेहमीचा माल भरून वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घेतलं. मर्यादेच्या आत आहे पण फार मोकळं नाही. पूर्वी कधीमधी काठोकाठ भरायचो तसं आता भरायचं नाही. हौद्याच्या आतल्या पत्र्यावर रंगाने रेघ मारलीय, माल तिच्या वर नाही.

हे काहींना जास्तच वाटेल. पण चाक बदलताना गाडीची वजन पेलण्याची ताकद आपण स्वतःच्या हाताने बदलत असतो, मग तो आकडा पण आपल्यालाच लिहून ठेवावा लागतो. विमा कंपनीला पण चाक-टायरचं माप बदलल्याचं लेखी कळवलं.

१४ डिसेंबर

स्टेपनी. सध्या खाली टांगलेलं जुनंच २५५ चं चाक आहे. त्याला निमुळतेच नट लागतात, सपाट चालत नाहीत, म्हणून सहा जुने नट पिशवीत घालून जॅकसोबत बांधून ठेवले आणि पिशवीवर "फक्त स्टेपनीला" असं लिहिलं. रात्री, पावसात, घाईत हे लक्षात राहणार नाही, म्हणून लिहिलेलं बरं. स्टेपनी लावताना हबवरची रिंग पण काढावी लागते, नाहीतर १०० चं भोक तिच्यावर जाणारच नाही.

व्यास १३ मि.मी. नी कमी आहे, म्हणून ती मागे लावायची नाही. मागे दोन चाकं वेगळ्या व्यासाची असली की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावर पण सतत फिरत राहतो. पंक्चर मागचं असेल तर पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे. आणि ती लावलेली असेपर्यंत फोर-व्हील घालायचंच नाही, या गाडीत फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, वेगळा व्यास असला की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर.

एवढ्या अटी असलेली स्टेपनी मला पटत नाही. पाचवं चाक शोधतोय.

११ जानेवारी

पाचवं चाक मिळालं, त्याच मापाचं, याला कोटिंग नाही, मूळचा चंदेरी रंग. सोबत सहा सपाट नट पण आले, ते सुटे म्हणून ठेवले. टांगायच्या साखळीची पट्टी १०६ च्या भोकातून निसटणार नाही ना ते आधी बघितलं, दोन्हीकडून बोटभर धरते. जुने निमुळते नट आणि "फक्त स्टेपनीला" ची पिशवी गाडीतून काढली, दोन्ही एकत्र गाडीत राहता कामा नयेत.

एकूण १,४०० किलोमीटर झाले. मागच्या डाव्या चाकाचे सहाही नट आज परत तपासले, एकही हलला नाही. चाक काढून बसकणी बघितल्या, प्रत्येकीवर चकतीचा पूर्ण गोल ठसा, कुठे तुटलेला नाही. रिंग अंगठ्याने निघाली. टायरची झीज मधे आणि कडेला सारखी आहे, खोली तीन ठिकाणी मोजून वहीत लिहिली. पुढची तपासणी पाच हजारवर, तेव्हा चाकांची अदलाबदल पण करायची, पाचवं चाक धरून.